दिनविशेषाचा फळा लिहायला घेताय?

गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली, पाण्याच्या मीटरशेजारी एक फळा आहे. त्यावर रोज दिनविशेष असतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका बावीस वर्षं तो लिहीत होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी खडूची डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सोपं असतं गं." अजिबात सोपं नसतं.

पहिल्याच महिन्यात मी मोबाइलवर फिरत आलेली तयार यादी जशीच्या तशी उतरवली. तिच्यातलं एका ज्येष्ठ गायिकेचं नाव 'जयंती' खाली गेलं. आठच्या सुमारास तळमजल्यावरच्या मावशी भाजीची पिशवी घेऊन फळ्यासमोर थांबल्या, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला आणि म्हणाल्या, "अगं, परवा टीव्हीवर होत्या की या! गेल्या कधी?" गायिका ठणठणीत होत्या. तोवर चाळीतल्या दोघांनी हळहळून घेतलं होतं आणि एकाने तर फळ्याचा फोटो काढून पुढे पाठवला होता.

हल्ली आजूबाजूच्या सोसायट्यांतले, शाळांतले लोक विचारतात, आम्हालाही असा फळा सुरू करायचाय, कसं करायचं? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी एक खोका आणा

खडू नंतर. चपलांचा रिकामा खोका आणि पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची ३६६ कार्डं, एवढी सामग्री पुरते. एका तारखेला एक कार्ड. ३६५ नाही, ३६६, कारण मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेल्या माणसाला कार्डच नाही म्हणून वगळणं बरं दिसत नाही. (१९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणजे मोरारजीभाईंना आपल्या तारखेचा पहिला वाढदिवस थेट आठव्या वर्षी, १९०४ मध्ये मिळाला. ही गंमत मुलांना फार आवडते.)

काकांचा नियम असा होता: कुठूनही काही कळलं की त्या तारखेच्या कार्डावर पेन्सिलीने लिहायचं. दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी तेच सापडलं की त्यावर शाईने गिरवायचं. फळ्यावर फक्त शाईतलं जाणार. मी आजही हेच करते. काका अजून गॅलरीतून वाकून विचारतात, "पेन्सिल की शाई?" चाळीतल्या पोरांनी तो वाक्प्रचारच करून टाकलाय. कोणी लग्न जमल्याची बातमी आणली की पहिला प्रश्न तोच.

'स्वतंत्र' या शब्दाकडे लक्ष द्या. एकच मजकूर पाच ग्रुपवर आला तर ते पाच पुरावे होत नाहीत; एकाच्या चुकीची पाच झेरॉक्स होतात. मी सहसा पहिल्यांदा मराठी विश्वकोशातली नोंद पाहते, कारण तिथे माणसाच्या नावापुढे जन्ममृत्यूच्या तारखा कंसात दिलेल्या असतात आणि विश्वकोश आता घरबसल्या वाचता येतो. राज्य शासन दरवर्षी कार्यालयांमध्ये कोणाकोणाच्या जयंत्या साजऱ्या करायच्या याचं परिपत्रक काढतं. त्याची एक प्रत खोक्यात ठेवा. त्या व्यक्तीचं चांगलं चरित्र मिळालं तर उत्तमच. मुंबईत असल्याचा फायदाही घ्या. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखांचं दप्तर आहे. जुनी वर्तमानपत्रं पाहायला मिळाली तर एक युक्ती करा. बातमीत वार दिलेला असतो. मोबाइलचं कॅलेंडर मागे नेऊन त्या तारखेला तोच वार येतो का ते बघा. १ ऑगस्ट १९२० ला रविवार येतो. जिथे वार जुळत नाही तिथे तारखेत किंवा सालात काहीतरी घोटाळा आहे असं समजा.

वार तपासता तपासता मला एक मजेशीर गोष्ट सापडली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला, 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला ३ मे १९१३ ला आणि 'आलम आरा' मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला. तिन्ही शनिवार. ज्या वारी आपण मारुतीला तेल घालतो, त्या वारी मुंबई नवीन यंत्रं सुरू करते असं दिसतं. अर्थात हे फळ्यावर लिहायचं नाही. हे जिन्यात उभं राहून सांगायचं.

तारीख म्हणजे नेमकी कोणती तारीख?

या पायरीवर घाई करू नका. मजकूर बरोबर आणि तारीख चुकलेली, असा फळा मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय, स्वतःही लिहिलाय.

सगळ्यात सोपा खड्डा मध्यरात्रीचा. टायटॅनिक हिमनगावर आदळलं १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११.४० ला, बुडालं पहाटे २.२० ला, म्हणजे १५ तारखेला. १४ ला 'टायटॅनिक बुडालं' लिहिलंत की चुकलात. आपल्या घराजवळचं उदाहरण गवालिया टँकचं. 'छोडो भारत'चा ठराव झाला ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री आणि गांधीजींसह पुढाऱ्यांची धरपकड झाली ९ च्या पहाटे. क्रांतिदिन ९ चा. दोन्ही दिवशी लिहिता येतं, फक्त कोणत्या दिवशी काय झालं ते क्रियापद नीट वापरून सांगा.

दुसरा खड्डा जागेचा. माणसाचं चंद्रावर उतरणं सगळे २० जुलै १९६९ ला टाकतात, ते अमेरिकेच्या घड्याळाने बरोबर आहे. मुंबईत मात्र यान उतरलं तेव्हा २१ जुलैचे रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा इथे सकाळचे साडेआठ व्हायला आले होते. लोक चर्चगेटची गाडी पकडत होते. मी २० लाच लिहिते, पण 'अमेरिकेत' हा शब्द घालून. एक वर्ष २१ ला लिहून पाहिलं होतं, दिवसभरात नऊ जणांनी 'काल होता तो दिवस' म्हणून सांगितलं.

तिसरा खड्डा खोल आहे. युरोपात १५८२ मध्ये जुनी ज्युलियन कालगणना जाऊन ग्रेगोरियन आली, पण इंग्लंडने ती उशिरा, १७५२ मध्ये घेतली. तिथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्यामुळे १७५२ पूर्वीच्या इंग्रजांच्या तारखा आणि स्पेन, इटलीतल्या तारखा जुळत नाहीत. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस दोघंही २३ एप्रिल १६१६ ला गेले असं दरवर्षी जागतिक पुस्तक दिनाला छापून येतं. छापलेली तारीख एक, दिवस मात्र दोन: इंग्लंडचा २३ एप्रिल स्पेनच्या दहा दिवस मागून आला.

'ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे तर माझ्या विज्ञानाच्या बाईंचं लाडकं वाक्य. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, इटलीच्या नव्या गणनेने. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, इंग्लंडच्या जुन्या गणनेने; नव्याने मोजलं तर ४ जानेवारी १६४३. साल एक ठेवायचं तर दोन कॅलेंडरं मिसळावी लागतात. वाईट वाटून घेऊ नका, कारण याच ८ जानेवारीला, गॅलिलिओनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १९४२ मध्ये स्टीफन हॉकिंग जन्मले, आणि ते गेले १४ मार्च २०१८ ला, आइन्स्टाइनच्या जन्मतारखेला. हे दोन्ही योगायोग अस्सल आहेत, शाईतले.

आपल्या इतिहासातही हीच भानगड आहे. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती ज्युलियन तारीख. त्या सोहळ्याला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर गेला होता आणि इंग्रजांचे कागद त्या काळी जुन्याच गणनेने चालत. आजच्या गणनेने ती १६ जून होते. म्हणून फळ्यावर १६ जून लिहायला जाऊ नका. रूढ झालेली तारीख ६ जून आहे, तीच ठेवा. फक्त कोणी हुशार कॉलेजकुमार दहा दिवसांचा फरक घेऊन भांडायला आला तर उत्तर तयार असू द्या.

तिथीवरून तारीख काढताना

शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे अर्धंच खरं. चैत्रापासून साधारण पौषापर्यंत ७८, आणि जानेवारी लागल्यावर ७९. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. कोणी ७८ मिळवून १६२९ काढतो आणि गोंधळतो. फाल्गुन येतो फेब्रुवारी-मार्चात, म्हणून १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. दुसरी परंपरा वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ची, म्हणजे ६ एप्रिल १६२७. शासनाने १९ फेब्रुवारी धरली आहे. शिवाय तिथीने शिवजयंती करणारी मंडळं प्रत्येक वाडीत आहेत. आमच्या फळ्यावर १९ फेब्रुवारीला आणि फाल्गुन वद्य तृतीयेला, दोन्ही दिवशी महाराज असतात. महाराजांचं नाव वर्षातून दोनदा आल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.

संतांना इंग्रजी तारखेत कोंबू नका. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, एकनाथ षष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला, ज्ञानोबांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीला. यांची कार्डं खोक्यात वेगळ्या कप्प्यात, मराठी महिन्यांप्रमाणे लावा आणि दर गुढीपाडव्याला भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन त्या वर्षीच्या तारखा पेन्सिलीने टाका. उत्तरेकडचं पुस्तक हाती आलं तर वद्य पक्षाच्या महिन्याचं नाव एकने पुढे असतं. आपली महाशिवरात्र माघातली, त्यांची फाल्गुनातली, दिवस एकच.

'पहिला' हा शब्द दिसला की थांबा

दिनविशेषात सगळ्यात जास्त भांडणं या शब्दाने लावलीत. '१६ एप्रिल १८५३, भारतातली पहिली रेल्वे' असं लिहिलंत तर मद्रासकडचा माणूस सांगेल, आमच्याकडे १८३७ पासून दगड वाहायला रेल्वे होती. आणि त्याचं बरोबर आहे. 'पहिली प्रवासी रेल्वे' लिहा, वाद मिटतो. मग पुढे जे खरंच डोळ्यांसमोर उभं राहील ते लिहा: तीन इंजिनं (साहिब, सिंध आणि सुलतान), चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. आमच्या चाळीत रोज ठाण्याला नोकरीला जाणारे चौघं आहेत. त्यांना तोफांचं फार कौतुक वाटतं.

सिनेमाचंही तसंच. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला लागला, 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर वर्षभराने, आणि दोन्ही याच गिरगावात, कॉरोनेशनमध्ये. मग पहिला कोणता? पुंडलिक हे नाटकाचं चित्रण होतं आणि त्याचा कॅमेरामन इंग्रज होता, म्हणून पहिल्या पूर्ण लांबीच्या भारतीय मूकपटाचा मान फाळक्यांकडे जातो. मी 'पूर्ण लांबीचा भारतीय मूकपट' एवढे चारही शब्द लिहिते, जागा गेली तरी चालेल. राजा हरिश्चंद्रच्या तारखेतही एक गाठ आहे: ठिकठिकाणी २१ एप्रिल दिसते, ती निमंत्रितांसाठीच्या ऑलिम्पिया थिएटरातल्या खेळाची. लोकांसाठी ३ मे.

निवड

समजा १ ऑगस्टचं कार्ड काढलंत. माझ्या कार्डावर शाईत आहे ते असं: १७७४ मध्ये प्रीस्टलीचा ऑक्सिजनचा प्रयोग, १९१३ मध्ये भगवानदादांचा जन्म, १९१४ मध्ये जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले, त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले, त्याच दिवशी गांधीजींनी असहकार सुरू केला, १९३३ मध्ये मुंबईत मीनाकुमारीचा जन्म, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकचं उद्घाटन. शिवाय महाराष्ट्रात हा महसूल दिन.

नवशिके हे सगळं लिहितात. मग अक्षर मुंगीएवढं होतं आणि कोणी वाचत नाही. माणूस फळ्यासमोर किती वेळ थांबतो? आमच्याकडे दूध घेऊन वर जाणारा तीन ओळी वाचतो, पेपर घ्यायला खाली आलेला पाच. त्यामुळे पाच ओळी, त्यातही एकच ठसठशीत.

१ ऑगस्टची ठसठशीत ओळ माझ्या मते ठरलेली आहे, कारण १९२० चा हा एकच दिवस तीन गोष्टी घेऊन येतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर टिळकांनी प्राण सोडला. त्यांना गिरगाव चौपाटीवर अग्नी दिला गेला, आमच्या जिन्यापासून चालत दहा मिनिटं. तिकडे सांगली भागातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्माला आले. पुढे पायी मुंबईला येऊन, गिरणीत राबून, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहून त्यांनी लिहिलं. एक मुंबईत गेला आणि ज्याला पुढे मुंबई आपलंसं करणार होती तो जन्मला. असा दिवस मिळाल्यावर प्रीस्टलीला एक वर्ष थांबवलं तर तो रागावणार नाही. भगवानदादांनाही मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवते आणि कार्डाच्या मागे 'या वर्षी काय लिहिलं' याची खूण करते. नाहीतर चार वर्षं सलग तोच मजकूर जातो. लोकांच्या ते लक्षात येतं. बोलत नाहीत इतकंच.

तयार याद्यांत राजे, लढाया आणि नटनट्या भरपूर असतात. बायका आणि कामगार शोधून काढावे लागतात. ३१ मार्च म्हटलं की सगळ्यांना मार्च एंड आठवतो, पण त्या दिवशी १८६५ मध्ये आनंदीबाई जोशी जन्मल्या आणि १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. आमच्याकडचे निम्मे लोक 'प्रार्थना समाज' हे बसस्टॉपचं नाव समजतात. १० जून १८९० हा दिवस तर मी ठळक रंगीत खडूने लिहिते: नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. गेल्या वर्षी ती ओळ वाचून एका आजोबांनी, त्यांनी स्वतः गिरणीत आयुष्य काढलंय, नुसता फळ्याला हात लावला आणि वर निघून गेले. त्यांच्यासाठी खरी तारीख १८ जानेवारी १९८२ आहे, संप सुरू झाल्याची. तीही लिहिते, एका ओळीत, विशेषणं न लावता.

कधी कधी कार्ड रिकामंच असतं. असू द्या. 'आज अमुक देशाचा राष्ट्रीय ध्वज दिन' असला भराव घालण्यापेक्षा एखादी म्हण लिहा.

शब्द जपून

हयात माणसाचा वाढदिवस. गेलेल्याची जयंती. गेल्याच्या दिवसाची पुण्यतिथी किंवा स्मृतिदिन. ६ डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. तिथे दुसरा शब्द नको, आणि 'शुभेच्छा' तर चुकूनही नको. हे हास्यास्पद वाटेल, पण घाईत 'हार्दिक शुभेच्छा' हे शब्द हाताला इतके बसलेले असतात की माझ्याकडून एकदा हुतात्मा दिनाला लिहायला सुरुवात झाली होती. 'हार्दि' पर्यंत जाऊन पुसलं. वाढदिवस लिहिण्यापूर्वी ती व्यक्ती हयात आहे ना, हे त्या सकाळी पाहायचं. आदल्या रात्रीही नाही, त्या सकाळी.

शताब्दीचा हिशेब साधा आहे, तरी चुकतो. अण्णा भाऊ १ ऑगस्ट १९२० चे. शंभर वर्षं पूर्ण झाली १ ऑगस्ट २०२० ला. जन्मशताब्दी वर्ष सुरू झालं १ ऑगस्ट २०१९ ला. चालू सालातून जन्मसाल वजा करा, येईल तो आकडा. जन्माचा दिवस पहिला धरून एक वाढवू नका.

क्रम आणि दुखरे दिवस

कोणाचं नाव वर, कोणाचं खाली यावरून आमच्याकडे एकदा मिटिंग झालीय. तेव्हापासून क्रम सालाचा, जुनं आधी. हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात तेलरंगाने लिहून टाकलाय. त्यानंतर शांतता आहे.

सालाचा क्रम दुखऱ्या दिवशीही उपयोगी पडतो. २६ नोव्हेंबरला १८०४ मध्ये मुंबईत एशियाटिकची मूळ संस्था स्थापन झाली, १९४९ मध्ये संविधान स्वीकारलं गेलं, २००८ मध्ये हल्ला झाला. क्रमाने लिहिलं की शेवटची ओळ आपोआप शेवटी येते आणि तिच्याखाली जागा मोकळी राहते. २६ जुलैला शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत राखीव जागा दिल्याची ओळ असते, १९९९ चा कारगिल विजय असतो, आणि २००५ चा पाऊस: सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. तो आकडा लिहिला की फळ्यापाशी दिवसभर 'मी त्या दिवशी कुठे अडकलो होतो' चालू राहतं. अशा दिवशी फळ्याला फुलांची नक्षी काढायची नाही, एवढं पोरांना आधी सांगून ठेवा.

प्रत्यक्ष लिहिणं

यात फार सांगण्यासारखं नाही. आदल्या रात्री ओल्या फडक्याने पुसा, सकाळी सहाला कोरड्या फळ्यावर लिहा. पावसाळ्यात फळा ओल धरतो, खडू उमटत नाही. तेव्हा पंधरा मिनिटं टेबलफॅन लावा. तारीख, वार, तिथी वर. साल आधी, मग माणूस किंवा घटना, मग आपल्या वस्तीशी जोडणारे तीन-चार शब्द. '१९३१ : पहिला भारतीय बोलपट आलम आरा' इथे थांबू नका; 'आपल्या मॅजेस्टिकमध्ये' जोडा. थिएटर गेलं, पण नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. मोबाइलवर पाठवायचं असेल तर फोटो पाठवा, मजकूर नको. मजकुरात कोणीही काहीही घालून पुढे ढकलतं.

चूक झालीच तर पुसून टाकू नका. तिच्यावर आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, दिवसभर तसंच राहू द्या. त्या गायिकांच्या दिवशी काकांनी मला हेच करायला लावलं. 'जयंती' वर रेघ, शेजारी 'वाढदिवस', खाली 'क्षमस्व'. मान खाली घालून जिना चढत होते, पण त्या दिवसापासून लोक फळा जरा जास्तच नीट वाचू लागले.

आणि १ जून

खोक्यातलं सगळ्यात भरलेलं कार्ड कोणतं असेल? १ जून. एक तर मराठी माणसाला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या दिवशी सुरू झाल्यात: १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी, १९३० मध्ये डेक्कन क्वीन, १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी. दुसरं म्हणजे चाळीतल्या सत्तरीपुढच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनच. पूर्वी घरी तारीख कोण लिहून ठेवायचं? शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे जुन्या माणसांच्या जन्मतारखेत १ जून दिसला की तो पेन्सिलीतच राहू द्या, माणूस कितीही मोठा असो.

खरी तारीख हवी असेल तर गोष्टी ऐका. आमच्या सासूबाईंच्या दाखल्यावर १ जून १९४३ आहे. पण त्यांची आई सांगायची, गोदी उडाली तेव्हा तू सहा महिन्यांची होतीस, तुला पोटाशी धरून जिन्याखाली बसले होते. गोदी उडाली, म्हणजे व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं तो दिवस. त्यावर कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून आजही त्याच तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात. युद्धाची सेन्सॉरशिप होती, बातमी सविस्तर छापून यायला वेळ लागला, पण मुंबईच्या बायकांनी ती तारीख पोरांच्या वयात जपून ठेवली. १४ एप्रिल १९४४ मधून सहा महिने वजा करा: ऑक्टोबर १९४३. म्हणजे दाखला चार-साडेचार महिने पुढे पळतोय.

हा हिशेब मी सासूबाईंना कार्डावर मांडून दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "मग १ जूनला माझं नाव फळ्यावर येणार नाही?"

म्हटलं, "पेन्सिलीतलं आहे ना, आई."

"मग खडू कशाला, पेन्सिलीनेच लिही," त्या म्हणाल्या. तेव्हापासून दर १ जूनला डेक्कन क्वीन आणि एसटीच्या खाली, काळ्या फळ्यावर पेन्सिलीने, कोणालाही दिसणार नाही असं, त्यांचं नाव असतं. त्या खाली येऊन, तिरक्या उजेडात मान वाकवून, ते आहे ना एवढं बघून जातात.